दहा पावलं मागे

मांडवाच्या डाव्या खांबाशी कॅमेरा उभा होता आणि त्याच्यामागे कुणीच नव्हतं.

मे महिन्यातली रात्र. बाळकुम नाक्यावर मेट्रोच्या खांबांखाली भिवंडीकडे जाणारे ट्रक एकामागे एक अडकलेले. तिथून दोन वळणं आत आलं की पाड्यातल्या एका घरासमोर हळदीचा मांडव. नवरी पाटावर बसलेली. डीजे थोडा वेळ बंद ठेवायचा, धवलारणीचं होऊ द्यायचं, असं तिच्या आजीनं पोरांना बजावून ठेवलं होतं. त्यामुळे तेवढ्या वेळात लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या त्या वयस्कर धवलारणीचा धवला स्वच्छ ऐकू येत होता. आत्यानं हळदीत बोटं बुडवली, भाचीच्या गालाकडे हात नेला आणि मध्येच थांबून मागे वळून पाहिलं.

"फोटोवाला कुठं गेला?"

फोटोवाला मांडवाच्या पार टोकाला, पाण्याच्या पिंपाशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. मांडीवर मोबाइल आडवा धरलेला. त्याच्या पडद्यावर नवरीचा चेहरा, आत्याचा हात, हळदीची वाटी, सगळं दिसत होतं. "लाव आत्या, मी बघतोय," तो तिथूनच म्हणाला. आत्या पुन्हा वळली. कुणाकडे बघून हसायचं हे तिला कळेना, म्हणून तिनं भाचीकडेच पाहिलं. गालाला हळद लागली आणि दोघींचेही डोळे भरून आले. खुर्चीतल्या माणसानं अंगठा टेकवला.

यंदाच्या अंकाचा विषय 'अंतर' आहे, एवढंच संपादकांनी फोनवर सांगितलं होतं. माणसामाणसांतलं, गावाशहरातलं, पिढ्यांमधलं, कुठलंही घ्या म्हणाले. मी घेतलं ते अंतर मोजून दहा पावलांचं आहे. कॅमेरा आणि तो चालवणारा यांच्यात मोबाइलमुळे ते आता पडू शकतं. एवढ्याशा अंतरानं काय बदलतं ते बघायला मी बाळकुमच्या हळदीत गेले, खाडीकाठी गेले आणि वांगणीला रात्र काढली. पुन्हा पुन्हा मात्र त्या मांडवातच परत आले.

आत्या कुणाकडे बघते

बाळकुम हे आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. ठाणे शहर त्याच्याभोवती वाढलं, कोलशेतच्या कारखान्यांच्या जागी मनोरे आले, तरी पाडा नंबर एक, दोन, तीन ही नावं अजून तशीच आहेत. आणि हळद तशीच आहे, किंबहुना मोठी झाली आहे. एका रात्रीत चारशे माणसं जेवून जातात. अशा घरात फोटोग्राफर हा पाहुणा नसतो, तो कार्याचाच भाग असतो. मी ज्याच्यासोबत होते तो तिशीतला तरुण याच भागातला. वडिलांचा स्टुडिओ होता, तो आता अल्बमचं काम आणि पासपोर्ट फोटो यांवर चालतो. लग्नं हा बघतो.

"आपण पुढं उभं राहिलो ना, तर आत्या माझ्याकडं बघून हसते," तो म्हणाला. "नवरीकडं बघतच नाय. मग अल्बममध्ये सगळ्या आत्या, मावश्या, काकू ओळीनं माझ्याकडं बघून हसतायत. नवरी एकटीच खाली बघतेय."

हे ऐकल्यावर मी घरचे जुने अल्बम काढून पाहिले. त्याचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोंमध्ये हळद लावणारा, अक्षता टाकणारा, ओटी भरणारा प्रत्येक हात अधांतरी थांबलेला असतो आणि चेहरा कॅमेऱ्याकडे वळलेला असतो. 'थांबा थांबा, इकडे बघा, परत लावा' हे शब्द आपण इतक्या वेळा ऐकले आहेत की तेही विधीचाच भाग वाटू लागले. हळद एकदा लावायची असते. कॅमेऱ्यासाठी ती तीनदा लावली जाते, आणि जी तिसऱ्यांदा लावलेली असते तीच अल्बममध्ये राहते.

त्यानं मार्ग काढला तो असा. एक कॅमेरा मांडवाच्या खांबाशी, साधारण साडेसात फूट उंचीच्या स्टँडवर, खाली कललेला. पाटावर बसलेली नवरी आणि तिच्यासमोर वाकणारी व्यक्ती एवढीच चौकट. फोकस आधीच जुळवून कुलूपबंद केलेला, कारण पाट हलणार नाही. मग हा मागे जाऊन बसतो. त्याचा धाकटा भाऊ दुसरा कॅमेरा हातात घेऊन फिरत असतोच. नाचणारी पोरं, बेंजोवाले, दारातली आजी हे सगळं त्याच्याकडे. स्टँडवरच्या कॅमेऱ्याला फक्त पाट सांभाळायचा.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत आणि तो त्या लपवत नाही. खांबाशी बांधलेला कॅमेरा एकच कोन बघतो. कुणी जाडजूड काका वाकले की नवरी झाकली जाते. मांडवाच्या उजव्या बाजूला काही घडलं तर ते गेलं. मंगलाष्टकांना, पाठवणीला तो ही पद्धत वापरत नाही. तिथे हातात कॅमेरा आणि पायात वेगच लागतो. पण हळदीच्या त्या पाऊण तासासाठी त्याला दुसरं काही नको असतं.

कॅमेऱ्याचं स्वतःचं वायफाय

हे चालतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण ज्यांच्याकडे गेल्या दहा वर्षांतला बरा कॅमेरा आहे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या कॅमेऱ्यात ही सोय आहे आणि बहुतेकांनी ती एकदाही उघडलेली नाही.

कॅमेऱ्याच्या पोटात छोटा वायफाय प्रक्षेपक असतो. तो चालू केला की कॅमेरा स्वतःचंच एक जाळं तयार करतो, घरातल्या राउटरसारखं. त्याचं नाव आणि पासवर्ड कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतो. मोबाइल त्या जाळ्यात शिरला की दोघांचं बोलणं सुरू होतं. इंटरनेटचा इथे काही संबंध नाही. मोबाइलला रेंज नसलेल्या डोंगरातही हे चालतं. प्रत्येक कंपनीचं स्वतःचं ॲप असतं: कॅननचं कॅमेरा कनेक्ट, निकॉनचं स्नॅपब्रिज, सोनीचं क्रिएटर्स ॲप, फुजीफिल्मचं एक्सॲप. कॅमेरा भिंगातून जे बघतो त्याची लहान, दाबून बारीक केलेली चित्रं एकापाठोपाठ एक मोबाइलकडे येत राहतात. मोबाइलकडून उलट दिशेनं हुकूम जातात: फोकस इथे, उजेड एवढा, आता टिप. मूळ फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावरच उतरतो. मोबाइलकडे येते ती त्याची हलकी प्रत.

वायफायसोबत आता ब्लूटूथही असतं. निकॉननं २०१६ साली डी५०० या कॅमेऱ्यासोबत स्नॅपब्रिज आणलं तेव्हा कल्पना अशी होती की कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचा धागा दोघांमध्ये सतत राहावा, आणि मोठं काम निघालं की मगच वायफाय जागं व्हावं. त्याआधी २०१२ मध्ये कॅननच्या ६डी या कॅमेऱ्यात वायफाय आलं होतं. २०१३ मध्ये सोनीनं तर क्यूएक्स१० आणि क्यूएक्स१०० अशी दोन उपकरणं काढली ज्यांना मागे पडदाच नव्हता. नुसतं भिंग आणि त्यामागे चित्र टिपणारी चिप, बघायचं मोबाइलवर. ती फार काळ टिकली नाहीत, पण बघणं आणि टिपणं या दोन गोष्टी वेगळ्या जागी असू शकतात, हे त्यांनी हातात धरून दाखवलं.

कागदावर हे सोपं आहे. मांडवात नाही. सगळ्यात मोठी अडचण मोबाइलच्या शहाणपणाची. कॅमेऱ्याच्या वायफायवर इंटरनेट नाही हे त्याच्या लक्षात येतं आणि तो आपल्याला न विचारता परत मोबाइल डेटावर उडी मारतो. माझ्या भाचीच्या बारशाला हेच झालं. पाळण्यासमोर कॅमेरा लावून मी बायकांच्या घोळक्यात बसले, आणि नेमकं कानात नाव सांगताना पडदा काळा पडला. पुन्हा जोडेपर्यंत घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. बाळकुमच्या फोटोग्राफरनं मला त्याची पद्धत दाखवली. मोबाइल आधी विमान मोडमध्ये टाकायचा, मग फक्त वायफाय आणि ब्लूटूथ चालू करायचं. डेटा नाही, म्हणजे उडी मारायला जागा नाही. आणि हळद लागत असताना केटररचा फोन येऊन पडदा झाकण्याची भीतीही नाही.

दुसरी अडचण माणसांचीच. या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते आणि पाणी त्यांना चांगलंच शोषून घेतं. माणसाचं शरीर निम्म्याहून जास्त पाणीच. रिकाम्या मांडवात वीस मीटरवरून सुरळीत चालणारं जाळं दोनशे माणसं मध्ये उभी राहिली की अडखळायला लागतं. त्यात प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल त्याच लहरींवर काहीबाही बोलत असतो. म्हणून कॅमेरा उंच हवा. साडेसात फुटांचा स्टँड फक्त कोनासाठी नव्हता तर. डोक्यांवरून लहरींना मोकळी वाट मिळावी हेही त्यात होतं.

बॅटरी हा तिसरा घोर. पडद्यावर सतत चित्र पाठवत राहिलं की ती भराभर उतरते. म्हणून कॅमेऱ्यात बॅटरीच्या आकाराची डमी बसवायची आणि तिची वायर खांबाच्या मागून पॉवर बँकेला जोडायची. शटर आवाज न करणारं ठेवण्याचा मोह होतो, पण मांडवातल्या एलईडी दिव्यांखाली तसं केलं तर फोटोवर आडवे पट्टे उमटतात. तेव्हा साधं, खट्ट वाजणारं शटरच बरं. धवल्याच्या वेळी ते ऐकू येतं, पण उंचावर आणि कोपऱ्यात असल्यानं कुणी वळून बघत नाही.

आणि मग उशीर. कॅमेऱ्याला दिसलेलं मोबाइलवर उमटायला किंचित वेळ लागतो, अंगठ्याचा हुकूम परत पोहोचायला आणखी थोडा. पडद्यावर बोट गालाला टेकलेलं दिसतं तेव्हा प्रत्यक्षात ते उचललेलं असतं. "म्हणून हात वाटीतून निघाला की दाबायचं," तो म्हणाला. "गाल येईपर्यंत थांबलं तर गाल गेला." मी त्याच्या शेजारी बसून तासभर हा सराव पाहिला. वाटीतून हात वर येतो, तो श्वास धरतो, अंगठा टेकतो. कुठला हात चटकन जाईल, कुठली आजी थरथरत सावकाश नेईल, हे त्याला त्या त्या माणसाच्या चालण्यावरून कळत होतं. मागे बसलेला माणूस आळशी बसलेला नसतो, हे मला तिथे समजलं.

फाळक्यांचा वाटाणा

कॅमेऱ्यापासून दूर होण्याची ओढ मोबाइलनं आणलेली नाही. जुन्या स्टुडिओत कॅमेऱ्याला रबरी नळी असायची आणि तिच्या टोकाला फुगा. फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून फुगा दाबायचा, हवेच्या दाबानं शटर उघडायचं. लहान मूल त्या फुग्याकडे बघायचं आणि मानही वर करायचं. काम होऊन जायचं. मग तारेची केबल आली, स्वयंचलित टायमर आला, इन्फ्रारेडचा चिमुकला रिमोट आला. तो रिमोट समोरूनच दाखवावा लागे आणि पाच-सहा मीटरपलीकडे त्याचं काही चालत नसे. या सगळ्यांत एक उणीव होती: दूर गेल्यावर कॅमेऱ्याला काय दिसतंय ते कळायचं नाही. मोबाइलनं नवीन काय दिलं असेल तर ते हेच. हात पूर्वीच लांब झाला होता, आता डोळाही लांब झाला.

आपल्याकडे कॅमेरा एका जागी रोवून स्वतः बाजूला होण्याचं सर्वांत सुंदर उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं आहे. १९१२ मध्ये लंडनहून परतल्यावर त्यांच्याकडे तंत्र होतं, पैसा नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याची वाढ थोडी थोडी टिपत राहिले. मिनिटभराच्या त्या चित्रपटात बी फुटतं, वर येतं, वेल होतो. 'अंकुराची वाढ' बघून भांडवल देणारा राजी झाला आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. ज्या गोष्टीला माणसाच्या घाईचं ओझं सोसत नाही, तिच्यासमोर कॅमेरा ठेवून थांबायचं असतं, हे भारतीय चित्रपटाच्या जन्माआधीच या माणसानं करून दाखवलं. मांडवातल्या त्या मोबाइलवाल्याचं घराणं मला तिथपर्यंत पोहोचतं असं वाटतं.

जंगलातलं घराणं वेगळं. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी शंभर वर्षांपूर्वी वाघाच्या वाटेवर बारीक तार ताणली. वाघाचा पाय लागला की झगझगाट होऊन वाघ स्वतःचाच फोटो काढे. १९२७ मध्ये त्यांचं त्या छायाचित्रांचं पुस्तक निघालं. आजचे कॅमेरा ट्रॅप त्याच जातीचे, फक्त तारेऐवजी शरीराची उष्णता ओळखणारा संवेदक. बाळकुमपासून जवळच, येऊरच्या डोंगरापलीकडे पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला नयन खानोलकर यांनी याच मार्गानं एक फोटो मिळवला. वारली वस्तीतल्या घरांमधली अरुंद गल्ली आणि तिच्यातून शांतपणे चाललेला बिबट्या. गल्लीत रोज असतो तसाच उजेड वाटावा अशा बेतानं त्यांनी दिवे लावले आणि चार महिने वाट पाहिली. २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शहरी विभागाचं पहिलं पारितोषिक त्या फोटोला मिळालं. त्या गल्लीत छायाचित्रकार उभा असता तर बिबट्या आलाच नसता.

तिथीची पाऊणपट

बाळकुमच्या खाडीकडे मला घेऊन गेले ते एक निवृत्त शिक्षक. त्यांचा नेम असा की थंडीत, अष्टमी-नवमीच्या आसपासच्या सकाळी खाडीवर जायचं. का, ते त्यांनी रिक्षातच सांगितलं. कोळ्यांचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा. सहाला भरती. हा हिशेब किनाऱ्याचा. खाडीत आत शिरत शिरत पाणी इथवर यायला आणखी उशीर लागतो. म्हणजे सूर्य वर येतो तेव्हा ओहोटी नुकती लागलेली असते आणि पाणी मागे सरेल तसा गाळ उघडा पडत जातो. पक्षी तिथेच उतरतात. शिवाय अष्टमीची भरती ही भांगाची, म्हणजे लहान; पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखं पाणी काठावर चढून कॅमेरा घेऊन जायची भीती कमी.

तिवरांच्या कडेला त्यांनी कॅमेरा ठेवला तेव्हा स्टँडच्या तिन्ही पायांखाली प्लायवूडचे चौकोनी तुकडे सरकवले. नाहीतर पाय गाळात रुततात आणि चौकट हळूहळू कलत जाते. वर मळकट खाकी कापड. मग आम्ही वीसेक पावलं मागे येऊन एका दगडावर बसलो. त्याहून लांब गेलं तर ओल्या तिवरांमधून वायफाय पोहोचत नाही.

पाऊण तास काही झालं नाही. मग एक वंचक आला. पंख मिटलेला वंचक गाळातच मिसळून जातो, डोळ्यांना तो सापडत नव्हता. मोबाइलच्या पडद्यावर मात्र त्याची पिवळी चोच स्पष्ट होती. तो एक पाऊल टाकी आणि थांबे. शिक्षक फोटो काढत नव्हते, बघत होते. मी विचारलं, दाबत का नाही. "शटर वाजलं तर उडेल. त्याचं पहिलं मासं होऊ द्या." चोच पाण्यात गेली, काहीतरी चमकलं, गिळलं. मग त्यांनी एकदाच अंगठा टेकवला. वंचकानं मान वळवली, पण उडाला नाही.

पुढे दोन शेकाट्या लाल काटकुळ्या पायांनी चौकटीतून चालत गेल्या. एक खंड्या चक्क कॅमेऱ्यावरच्या कापडावर येऊन बसला, आणि त्याचा फोटो अर्थातच निघाला नाही.

याच काठानं बाळकुम ते गायमुख असा सुमारे १३ किलोमीटरचा खाडीकिनारा मार्ग आखलेला आहे. घोडबंदर रस्त्यावर रोज अडकणाऱ्या माणसांना तो हवा आहे, आणि त्यांचं हवं असणं खोटं नाही. शिक्षक फक्त एवढंच म्हणाले की रस्ता होण्याआधी या काठाला कोण कोण येत होतं याची चित्रं तरी असावीत. दर अष्टमीला, त्याच दगडावरून, त्याच चौकटीत. त्यांच्याकडे सहा हिवाळ्यांची आहेत.

मी त्यांना घरट्यांबद्दल विचारलं, कारण दुरून चालणाऱ्या कॅमेऱ्याचा पहिला मोह तोच असतो. पक्षी घाबरतो तो माणसाला, मग माणूसच नसेल तर घरट्याशेजारी कॅमेरा ठेवायला काय हरकत? त्यांचा चेहरा बदलला. कॅमेरा ठेवायला माणूस जातोच. तो पानं बाजूला करतो, फांदी वाकवतो, वाट पाडतो. तो निघून गेल्यावर त्या वाटेनं कावळा येतो, मांजर येतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना उपद्रव देणं धरलेलं आहे. हे मला त्यांच्याकडून पहिल्यांदा कळलं. दूर बसून मोबाइलवर अंगठा टेकवणारा माणूस कायद्याच्या भाषेत शिकारी ठरू शकतो. माझ्या मते ही व्याख्या करणाऱ्यांना पुरती समज होती. माणूस किती दूर बसलाय याला इथे महत्त्व नाही; कॅमेरा किती जवळ नेऊन ठेवलाय, तेच मोजायला हवं.

पंचवीस सेकंद

वांगणीचं थोडक्यात सांगते. कल्याणच्या पुढे, बदलापूर ओलांडलं की वांगणी येतं. मुंबईतलं खगोल मंडळ अनेक वर्षं तिथे आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत आलं आहे. डिसेंबरातल्या एका रात्री तिथल्या माळावर ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्या काही मुलामुलींसोबत मी होते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं राहिलं तर तारा ठिपका न राहता रेघ होतो. त्यांचा ढोबळ नियम: पाचशेला भिंगाच्या मिलिमीटरनं भागा. वीसचं भिंग असेल तर पंचवीस सेकंद. आणि या पंचवीस सेकंदांच्या सुरुवातीला बोटानं बटण दाबलं की जो हलका धक्का बसतो, तोही आकाशभर उमटतो. म्हणून इथे सगळे मोबाइलवरून. पण मोबाइलचा उजेड अंधाराला सरावलेले डोळे घालवतो आणि ते परत सरावायला वीसेक मिनिटं लागतात. त्यामुळे प्रत्येक पडद्यावर लाल जिलेटीन कागद चिकटवलेला. अंधारात दहा-बारा लाल चौकोन, आणि त्यांच्यावर वाकलेले, वर बघणारे, पुन्हा वाकणारे चेहरे.

गमछा

मांडवात मी दुसऱ्यांदा गेले ते त्या आजीसाठी. पहिल्या रात्री डीजे बंद ठेवायला लावणारी ती आजीच शेवटी त्या फोटोग्राफरशी भांडली होती, आणि तो राग मला नीट समजून घ्यायचा होता.

तिचं म्हणणं असं. माणूस कॅमेरा घेऊन उभा असतो तेव्हा तो डोळ्याला लावतो आणि काम झालं की खाली घेतो. बाईमाणसाला कळतं, आता काढतोय, आता नाही. पदर सावरता येतो. हा एकटा उभा कॅमेरा खाली होतच नाही. हळद लावून झाल्यावर नवरीला न्हाऊ घालतात, ओल्या साडीत पोरी इकडेतिकडे धावतात, आणि तो तसाच बघत असतो. "तू तिकडं बसून काय करतोस ते आम्हाला काय कळणार?" असं तिनं त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं. त्यानं मोबाइल उघडून दाखवला, एकही तसला फोटो नव्हता. पण आजीचा प्रश्न फोटोंचा नव्हताच. ती म्हणत होती ते मला पूर्णपणे पटलं: कॅमेऱ्यामागचा माणूस काढून घेतला की विधी घरच्यांना परत मिळतो खरा, पण तो माणूस नुसता अडथळा नव्हता. कॅमेरा कधी चालू आणि कधी बंद, याची ती जिवंत खूण होती. ती खूण गेली.

त्या रात्रीनंतर त्यानं स्वतःहून एक रीत पाडली आहे. कार्याआधी घरातल्या बायकांना एकत्र बसवून तो कॅमेरा कुठे असेल, काय बघेल, किती वेळ बघेल ते दाखवतो. मोबाइल त्यांच्या हातात देतो, चौकट त्यांनाच बघू देतो. एखादी म्हणते इथून नको, तर स्टँड हलवतो. आणि शेवटचं बोट हळदीतून निघालं की तो खुर्चीवरून उठून खांबाशी येतो आणि कॅमेऱ्यावर स्वतःचा गमछा टाकतो. मोबाइलवरून बंद करता येतं, पण ते कुणाला दिसत नाही. गमछा सगळ्या मांडवाला दिसतो.

दुसऱ्या वेळी मी हे पाहिलं. शेजारच्याच पाड्यातलं कार्य, आजी तिथेही पाहुणी म्हणून आलेली. गमछा पडला तशी तिनं मान हलवली, आणि घरातल्या बायका नवरीला हाताला धरून न्हाणीकडे घेऊन गेल्या. डीजे पुन्हा सुरू झाला.

दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतील. तुमच्या घरच्या कार्यात फोटोग्राफर असा कॅमेरा खांबाशी लावून मागे जाऊन बसणार असेल तर त्याला जरूर बसू द्या. आत्या भाचीकडे बघेल. फक्त आधी त्याच्या मोबाइलवर चौकट बघून घ्या, आणि कॅमेऱ्यावर टाकायला कापड आणलं आहे का, ते विचारा. नसेल तर घरातलं द्या.